शैवालाचे उसने जीवनसत्त्व

पाठ्यपुस्तकात शैवालांची ओळख बहुधा एका शब्दात उरकलेली असते : स्वयंपोषी. सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे क्षार मिळाले की शैवाल आपले अन्न आपणच तयार करते, असे आपण मुलांना सांगतो आणि फळ्यावर बाण काढून मोकळे होतो. यात चूक काही नाही. पण समुद्रातील सूक्ष्म शैवाले काचेच्या चंबूत वाढवणाऱ्या कोणालाही विचारा, तो या शब्दापाशी जरा अडखळेल. आम्ही ज्या द्रावणात ही शैवाले वाढवतो त्यात नायट्रेट, फॉस्फेट, लोह, जस्त, मँगेनीज यांचे क्षार तर असतातच, पण शेवटी त्यात तीन जीवनसत्त्वेही घालावी लागतात : ब-१, बायोटिन आणि ब-१२. गिलार्ड आणि रायदर या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये 'एफ' नावाचे एक द्रावण प्रसिद्ध केले. त्याचे निम्म्या तीव्रतेचे रूप, म्हणजे 'एफ/२', आजही जगभर वापरात आहे. त्यात लिटरमागे ब-१२ किती असते? अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. एवढेसे घालायचे राहून गेले तर काही जातींची शैवाले थोडे दिवस वाढतात आणि मग थांबतात. प्रकाश भरपूर, क्षार भरपूर, पण वाढ नाही.

साखर स्वतः तयार करणाऱ्या सजीवाला जीवनसत्त्व मात्र बाहेरून लागते, ही गोष्टच मोठी विलक्षण आहे. त्याहून विलक्षण आहे ते हे जीवनसत्त्व येते कोठून आणि हवा तापली की त्याचे मोल कसे बदलते ते.

प्रथम ब-१२ विषयी थोडेसे. पर्निशियस अ‍ॅनिमिया या एके काळी प्राणघातक असलेल्या पांडुरोगावर यकृत खाऊ घातल्याने उतार पडतो, हे १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी यांनी दाखवले. यकृतातला तो गुणकारी पदार्थ शुद्ध लाल स्फटिकांच्या रूपात हाती यायला १९४८ साल उजाडले. त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ पर्यंत उलगडली. १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. हा रेणू सर्व जीवनसत्त्वांत आकाराने मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. त्याच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो. तो तयार करायला पेशीला सुमारे तीस विकरे, म्हणजे एन्झाइमे, एकापाठोपाठ एक कामाला लावावी लागतात. हा खटाटोप प्राणी करत नाहीत, वनस्पती करत नाहीत, बुरशी करत नाही, शैवालेही करत नाहीत. तो करतात काही जीवाणू आणि त्यांचे दूरचे भाऊबंद असलेले आर्किया. गाईच्या दुधात ब-१२ असते, पण ते गाईने केलेले नसते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील जीवाणूंनी केलेले असते.

आता हे लागते कशासाठी? मेथिओनिन नावाचे एक अमिनो आम्ल आहे. ते प्रथिनांत तर लागतेच, शिवाय त्यापासून तयार होणारा एक पदार्थ पेशीतील असंख्य क्रियांना मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचे गाठोडे, पुरवत असतो. डीएनएवर खुणा करायच्या, मेद बनवायचे, हरितद्रव्य तयार करायचे, सगळीकडे हे गाठोडे लागते. मेथिओनिन संपले की पेशीचा कारभार एका ठिकाणी नव्हे, शंभर ठिकाणी अडतो. मेथिओनिन बनवण्याची शेवटची पायरी पार पाडणारी विकरे निसर्गात दोन प्रकारची आहेत. एकाला 'मेट-एच' म्हणतात. त्याला ब-१२ हाताशी लागते. दुसरे 'मेट-ई', त्याचे ब-१२ वाचून चालते, पण ते फार मंद आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूत ही दोन्ही विकरे आहेत. त्यांत मोजमाप केले तेव्हा मेट-एच सुमारे शंभरपट वेगाने काम करताना आढळले.

सुतारकामाचा दाखला घेऊ. मेट-एच म्हणजे रंधा हाती असलेला सुतार; फळी झटपट गुळगुळीत करतो. पण रंधा त्याचा स्वतःचा नाही, शेजाऱ्याकडून आणलेला. मेट-ई म्हणजे नुसत्या पटाशीने तासणारा सुतार; कोणापुढे हात पसरत नाही, पण तेवढ्याच कामाला शंभर माणसे उभी करावी लागतात. पेशीच्या भाषेत शंभर माणसे म्हणजे प्रथिनाचे तेवढे जास्त रेणू. त्यासाठी नायट्रोजन जास्त हवा, आणि मेट-ई ला जस्तही लागते.

जमिनीवरच्या वनस्पतींनी रंधा टाकून दिला आहे. त्यांच्यात मेट-एच नाही, फक्त मेट-ई आहे. म्हणून त्यांना ब-१२ लागत नाही, आणि म्हणूनच पालक, गाजर, तूर, गहू यांच्यात ते नसते. उलट आपल्यासारख्या प्राण्यांत मेट-ई नाही. आपल्याला रंध्यावाचून गत्यंतर नाही, त्यामुळे ब-१२ अन्नातूनच यावे लागते. 'भाज्या इतक्या पौष्टिक, मग त्यांत ब-१२ का नाही?' असे वर्गात एखाद्या मुलीने विचारले तर हे उत्तर देता येईल. आम्हाला तरी ते 'नसते म्हणून नसते' यापेक्षा बरे वाटते.

शैवाले या दोन टोकांच्या मधे पसरलेली आहेत. काहींत दोन्ही विकरे, काहींत फक्त मेट-एच. केंब्रिजच्या अ‍ॅलिसन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शैवालांच्या ३२६ जातींविषयीची माहिती एकत्र केली, तेव्हा त्यांतील १७१ जातींना ब-१२ बाहेरून लागते असे दिसले. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक. ब-१ लागणाऱ्या जाती सुमारे बावीस टक्के, तर बायोटिन लागणाऱ्या पाच टक्क्यांच्या आसपास. गंमत अशी की ब-१२ लागणाऱ्या जाती शैवालांच्या एकाच कुळात नाहीत, सगळ्या कुळांत विखुरलेल्या आहेत. एकमेकींच्या जवळच्या दोन जातींत एकीला लागते, दुसरीला लागत नाही. याचा अर्थ मेट-ई चे जनुक गमावण्याची घटना उत्क्रांतीत एकदाच नव्हे, अनेकदा, वेगवेगळ्या ठिकाणी घडली आहे.

मग समुद्रात किंवा तळ्यात या शैवालांना ब-१२ पुरवते कोण? ते बनवू शकणारे जीवाणूच. आणि मोबदल्यात जीवाणूंना मिळतो शैवालाने प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेला कार्बन. शैवालांच्या पेशींतून शर्करा आणि इतर सेंद्रिय पदार्थ सतत पाझरत असतात. २०१२ मध्ये याच गटाने एक सुटसुटीत प्रयोग केला. ब-१२ शिवाय न जगणारे लोबोमोनास हे गोड्या पाण्यातील हिरवे शैवाल आणि मेसोरायझोबियम हा जीवाणू त्यांनी एकत्र ठेवला. हा जीवाणू कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जीवाणूंच्या गोतावळ्यातलाच आहे. द्रावणात ब-१२ नाही, आणि जीवाणूला खायला साखरही नाही. एकटे ठेवले तर दोघेही वाढू शकत नव्हते. एकत्र मात्र वाढले. सुरुवातीला दोघांचे प्रमाण कमीजास्त ठेवले तरी शेवटी एका शैवालपेशीमागे सुमारे तीस जीवाणू यावरच ते स्थिरावे. वरून ब-१२ किंवा साखर टाकली की हा तोल बिघडे.

देवघेव नेहमी कार्बन आणि जीवनसत्त्व अशीच असते असे नाही. ऑस्ट्रिओकोकस हे १९९४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील तो नावाच्या खाजणात सापडलेले शैवाल जेमतेम एक मायक्रोमीटरचे आहे. केंद्रक असलेल्या मुक्त सजीवांत त्याहून लहान दुसरा माहीत नाही. त्याला ब-१ आणि ब-१२ दोन्ही लागतात. डायनोरोझिओबॅक्टर हा समुद्री जीवाणू ही दोन्ही बनवतो, पण त्याला स्वतःला नायसिन, बायोटिन आणि पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल बनवता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. ही शब्दशः जीवनसत्त्वांची अदलाबदल झाली.

या चित्रावर एक आक्षेप आहे, आणि तो ज्येष्ठ माणसाने घेतलेला आहे. स्कॉटलंडमधील मिलपोर्टच्या सागरी प्रयोगशाळेत मायकेल ड्रूप यांनी १९५० च्या दशकापासून शैवाल आणि ब-१२ यांचा अभ्यास केला. शैवालाची वाढ पाण्यातील पोषकावर नव्हे, तर पेशीत आधीच साठलेल्या पोषकावर अवलंबून असते, हा त्यांचा सिद्धान्त आज समुद्रशास्त्राच्या पुस्तकांत आहे. २००७ मध्ये त्यांनी विचारले : याला सहजीवन कशाला म्हणायचे? शैवालाची गरज इतकी क्षुल्लक आहे की आसपासच्या जीवाणूंनी पाण्यात सोडलेले ब-१२ वेचून तिचे सहज भागेल; जीवाणू खेटून असायची गरजच काय?

थोडा हिशेब करून पाहू. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दक्षिणेकडच्या प्रशांत महासागराच्या पाण्यात ब-१२ मोजले तेव्हा जास्तीत जास्त तीस पिकोमोलर भरले आणि मोठ्या पट्ट्यात तर ते मोजता येण्याइतकेही नव्हते. ब-१२ चा रेणुभार सुमारे १३५५. म्हणजे तीस पिकोमोलर पाण्यात लिटरमागे सुमारे चाळीस नॅनोग्रॅम. माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम धरली तर ती भागवायला असे पन्नास-साठ लिटर समुद्राचे पाणी गाळावे लागेल. (वरच्या वर्गातल्या मुलांना हे उदाहरण घालायला हरकत नाही.) जेथे हा आकडा शून्याला टेकतो तेथे वेचून भागेल असे आम्हाला वाटत नाही, तेथे पेशीभोवतालच्या पाण्याच्या पातळ कवचात वस्तीला असलेला जीवाणूच कामाला येणार. ड्रूप यांचे म्हणणे मात्र पोषकांनी समृद्ध अशा किनाऱ्यालगतच्या पाण्याला चांगले लागू पडते.

आता ताणाकडे वळू. क्लॅमिडोमोनास तुमच्या परिचयाचा आहे. दोन कशाभिका, पेल्याच्या आकाराचे हरितलवक, लाल नेत्रबिंदू, अशी त्याची आकृती आपण सर्वांनी काढलेली आहे. त्याच्यात मेट-ई आणि मेट-एच दोन्ही आहेत. त्यामुळे एरवी त्याला ब-१२ असले काय, नसले काय, फरक पडत नाही. मिळाले तर तो मेट-ई चे जनुक मिटून ठेवतो आणि मेट-एच वर काम भागवतो. न मिळाले तर मेट-ई उघडतो. असा सोयीस्कर सजीव जीवाणूंवर अवलंबून नाही, असेच कोणीही म्हणेल.

अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हे शैवाल तापवून पाहिले. तापमान वाढल्यावर एकट्या शैवालात मेट-ई च्या जनुकाचे काम दबले, त्या विकराची क्रिया मंदावली, पेशींतील हरितद्रव्य जाऊन त्या फिकट पडल्या आणि मेल्या. त्याच तापमानाला, ब-१२ बनवणारे जीवाणू सोबत असलेली शैवाले मात्र तगली. पटाशीवाले सुतार उन्हाने बसले, पण ज्याच्या हाती रंधा होता त्याचे काम चालू राहिले.

येथे एक चौकस विद्यार्थी लगेच म्हणेल, 'जीवाणूंनी दुसरेच काहीतरी दिले नसेल कशावरून?' हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता, आणि त्यांनी त्याचा पाठपुरावा ज्या पद्धतीने केला ती वर्गात सांगण्याजोगी आहे. त्यांनी जीवाणू काढून टाकले आणि नुसते ब-१२ घातले. शैवाल तरीही तगले. म्हणजे जीवाणूंची मदत ब-१२ पुरती मर्यादित असली तरी ती पुरेशी होती. मग त्यांनी उलट बाजूने तपासले : कृत्रिम सूक्ष्म आरएनए वापरून शैवालातील मेट-एच चे जनुक जवळजवळ मुके केले. आता ब-१२ देऊनही उष्णतेपासूनचा बचाव जवळपास नाहीसा झाला. दोन्ही टोके जुळली. ब-१२ मेट-एच मार्फत मेथिओनिन तयार करत राहते आणि त्या मेथिओनिनवर शैवाल उन्हातून पार पडते.

हा निष्कर्ष आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. एखादी जात किती उष्णता सहन करते याचा आकडा आपण त्या जातीचा गुणधर्म म्हणून तक्त्यात लिहितो, जणू तिच्या अंगावरच तो कोरलेला आहे. येथे एकाच शैवालाचे, एकाच तापमानाला, सोबत कोण आहे यावरून जगणे-मरणे ठरले. तापणाऱ्या पाण्यात कोणती शैवाले टिकतील याचे अंदाज आज बांधले जातात, आणि पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा भाग समुद्रातील अशा सूक्ष्म जीवांकडे आहे. ते अंदाज शुद्ध, जीवाणूरहित चंबूंतल्या आकड्यांवर बांधले तर फसण्याची शक्यता आहे. मेट-ई चा नाजूकपणा उष्णतेपुरताही नाही. ई. कोलायमधील मेट-ई ऑक्सिडीकरणाच्या ताणातही निकामी होते, हे २००४ मध्येच दाखवले गेले होते.

मग उसना रंधा इतका उपयोगी असेल तर पटाशी सांभाळायची कशाला? केंब्रिजच्या गटाने २०१५ मध्ये याचेही उत्तर दिले. त्यांनी क्लॅमिडोमोनास सतत भरपूर ब-१२ असलेल्या द्रावणात पिढ्यान्‌पिढ्या वाढवला. पाचशे पिढ्या उलटायच्या आतच एक वाण असा निपजला, की त्याच्या मेट-ई जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा घुसून बसला होता. जनुक मोडले, आणि हा वाण ब-१२ वर कायमचा अवलंबून झाला. दिवसाला एखाददुसरी पिढी होणाऱ्या जीवाला पाचशे पिढ्या म्हणजे वर्ष-दीड वर्ष! ब-१२ तोडल्यावर या वाणाच्या पेशींत स्टार्च आणि मेद साठत जातात, आणि काही दिवसांत पेशी मरू लागतात. म्हणजे सुबत्तेच्या काळात जडलेले अवलंबित्व टंचाईत जिवावर बेतते.

टंचाईचे उदाहरण दक्षिण ध्रुवाजवळच्या रॉस समुद्रात पाहायला मिळते. तेथे लोहाचा तुटवडा असतो, हे बऱ्याच काळापासून माहीत होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तेथील पाण्यात नुसते लोह घातल्यापेक्षा लोह आणि ब-१२ दोन्ही घातल्यावर शैवालांची वाढ जास्त झाली. त्या थंड पाण्यात जीवाणू थोडे, आणि लोह मिळून शैवाले झपाट्याने वाढू लागली की त्यांची मागणी जीवाणूंच्या पुरवठ्याच्या पुढे जाते.

जीवाणूंना दाते ठरवून त्यांची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. ब-१२ बनवणारे सगळे समुद्री जीवाणू ते पाण्यात सोडतात असे नाही. २०२३ मध्ये अनेक जाती तपासल्या तेव्हा कित्येकांनी ते स्वतःपाशीच ठेवले होते. पुष्कळदा ब-१२ बाहेर येते ते जीवाणू फुटल्यावर. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेले एक उदाहरण तर नाट्यमय आहे. रोझिओव्हेरियस हा जीवाणू ब-१२ चा मोठा भाग बनवतो, पण त्यातला एक तुकडा त्याला जमत नाही. कोलवेलिया हा जीवाणू नेमका तेवढाच तुकडा बनवतो. दोघे मिळून ब-१२ पुरे करतात. मग कोलवेलियाच्या सोबतीत रोझिओव्हेरियसच्या जनुकसंचात सुप्त असलेला विषाणू जागा होतो आणि त्याच सुमारास, बहुधा जीवाणू फुटल्यामुळे, ब-१२ पाण्यात येते. त्यावर थॅलॅसिओसिरा हा डायटम वाढतो. याला सहकार म्हणायचे की लूट, हे ज्याचे त्याने ठरवावे. मैत्री फिरल्याचेही उदाहरण आहे. फिओबॅक्टर हा जीवाणू तरुण इमिलियानिया शैवालाला उपकारक पदार्थ देतो; तेच शैवाल वयस्क होऊन कुमॅरिक आम्ल सोडू लागले की हा जीवाणू त्याला मारणारी विषे बनवतो, असे २०११ मध्ये आढळले.

शेवटी एका फसगतीविषयी, कारण तिचा संबंध आपल्या ताटाशी आहे. निळी-हिरवी शैवाले, म्हणजे खरे तर सायनोजीवाणू, समुद्रात विपुल आहेत आणि तेही ब-१२ सारखा रेणू बनवतात. मात्र त्याच्या खालच्या टोकाला डायमिथिलबेन्झिमिडाझोल या गटाऐवजी अ‍ॅडेनीन असते. याला छद्म ब-१२ म्हणतात. क्लॅमिडोमोनाससारख्या शैवालांना ते जसेच्या तसे वापरता येत नाही. २०१६ मध्ये दाखवले गेले, की तो हवा असलेला गट वेगळा पुरवला तर काही शैवाले छद्म रेणूची दुरुस्ती करून खरे ब-१२ करून घेतात. माणसाला ही कला अवगत नाही. बाजारात पूरक अन्न म्हणून मिळणारी स्पिरुलिना हा सायनोजीवाणूच आहे आणि तिच्यातील बहुतेक ब-१२ छद्म असते. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले होते, त्यामुळे शाकाहारी घरांत अशा गोळ्यांकडे आशेने पाहिले जाते. ब-१२ मोजण्याच्या जुन्या पद्धतीत लॅक्टोबॅसिलस जीवाणू किती वाढतो हे पाहतात. त्या जीवाणूला छद्म रेणूही चालतो. त्यामुळे अशा पद्धतीने मोजून बाटलीवर छापलेला आकडा मोठा दिसला, तरी तो जीवाणूच्या उपयोगाचा असतो, खाणाऱ्याच्या नव्हे.